विरोधी बाकावरून गावापर्यंत

सत्तेवर असलेल्याला लोकांशी बोलण्यासाठी वेगळी धडपड करावी लागत नाही. त्याचा रस्ता बोलतो, त्याचा शासननिर्णय बोलतो, वेशीवरची कोनशिला त्याचं नाव घेऊन उभी असते. विरोधी बाकावरच्या सभासदाजवळ यातलं काही नसतं. त्याचा ठराव बहुमतानं पडतो, त्याचं विधेयक चर्चेलाही येत नाही, आणि पाच वर्षांनी मतदार विचारतात, ‘तुम्ही तिथे बसून केलंत काय?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात बहुतेक वेळा एकच उत्तर दिलं जातं: भाषणं गाजवली. आपल्या आठवणींतही विरोधी नेते वक्ते म्हणूनच उरले आहेत. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलापासून महाराष्ट्राच्या विधानसभेपर्यंतचा इतिहास पाहिला तर मात्र हे अर्धवट वाटतं. ज्या विरोधी सभासदांचं म्हणणं लोकांपर्यंत खरोखर पोचलं आणि टिकलं, त्यांनी दुहेरी फेरी केली. लोकांचं गाऱ्हाणं नेमक्या मागणीच्या रूपात ते सभागृहात घेऊन गेले, आणि तिथून हाती आलेला कागद, मग तो कायदा असो, ठराव असो की नामंजूर झालेलं विधेयक, लोकांच्या भाषेत परत घेऊन आले. या दोहोंपैकी एक फेरी चुकली की उत्तम वक्तृत्वही हवेत विरून गेलं.

सुरुवात १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टपासून करावी लागते. या कायद्यानं प्रांतिक कौन्सिलांतल्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा दिली. अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हतं, उपप्रश्न विचारता येत नव्हता. सरकारनं एकदा उत्तर दिलं की विषय संपला. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलात निवडून गेले ते असे हात बांधलेल्या सभागृहात. पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारनं दुष्काळ संहिता तयार केली होती. काम कुणाला द्यायचं, साऱ्याला तहकुबी केव्हा द्यायची, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण ते पुस्तक इंग्रजीत होतं आणि कचेरीच्या कपाटात होतं. ज्याच्यासाठी ते लिहिलं त्या कुणब्याला ते आहे हेच माहीत नव्हतं. टिळकांनी ‘केसरी’तून त्यातल्या तरतुदी मराठीत उलगडून सांगितल्या आणि सार्वजनिक सभा या संस्थेच्या माणसांनी त्या गावोगाव नेल्या. पीक बुडालं असेल तर भांडीकुंडी विकून सारा भरू नका, तहकुबी मागा. हाताला काम नसेल तर ते मागा, संहितेत तसं लिहिलं आहे. यात टिळकांचं स्वतःचं असं एकही नवं म्हणणं नव्हतं. सरकारचं लिखाण त्यांनी रयतेच्या हाती दिलं, एवढंच. आणि म्हणूनच ते सरकारला झोंबलं. सभेच्या प्रचारकांवर खटले भरले गेले, १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात त्याच वर्षी टिळक तुरुंगात गेले. त्यांच्या कौन्सिलातल्या कामगिरीबद्दल सहसा कुणी बोलत नाही आणि ती मोठी नव्हतीही; पण विरोधकाचा सर्वांत भक्कम पुरावा सरकारच्याच कागदात असतो, हे त्या एका हंगामात महाराष्ट्रानं पाहिलं.

इथे कुणी गोखल्यांचं उदाहरण पुढे करील, आणि ते करायला हवं. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कौन्सिलात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर केलेलं भाषण आकड्यांच्या बळावर उभं होतं: सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते ती देश संपन्न आहे म्हणून नव्हे, गरिबाकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल होतो म्हणून. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची मर्यादाही ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. मैदानात एकही सभा न घेता हे घडलं असेल, तर दुहेरी फेरीची गरज काय? आक्षेप वजनदार आहे. गोखल्यांनी सरकारला पटवलं, आणि पटवून घेण्याची थोडीबहुत तयारी असलेलं सरकार समोर असेल तर हा मार्ग चालतो. पण ती तयारी कायमची नसते, आणि ती नसली की पटवणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं आहे यावर सगळं ठरतं. याच गोखल्यांनी आदल्या वर्षी, ऑगस्ट १९०१ मध्ये, फिरोजशहा मेहतांसोबत मुंबई कौन्सिलातून सभात्याग केला होता. जमीन महसूल कायद्यातल्या दुरुस्तीनं शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्कच दुबळा होणार होता, आणि सरकार ऐकत नव्हतं. तो सभात्याग गाजला, कारण तसं पूर्वी कुणी केलं नव्हतं. दुरुस्ती मात्र मंजूर झाली. आज सभात्यागाची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते, हे लक्षात घेतलं तर त्या हत्याराची धार कशानं गेली ते वेगळं सांगायला नको.

सभागृहातला कागद लोकांपर्यंत नेण्याचं सर्वांत मोठं उदाहरण महाडचं आहे, आणि ते आपण अशा नजरेनं फार क्वचित पाहतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले या बिनसरकारी सभासदानं मुंबई कौन्सिलात ठराव मांडला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला, सरकारनं तशी पत्रं पाठवली, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. आणि पुढे काही झालं नाही. तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण जाण्याचं धैर्य ठरावानं येत नाही. बोल्यांनी १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणला, की अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचं अनुदान थांबवावं. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा डॉ. आंबेडकर नुकतेच कौन्सिलाचे सभासद झाले होते. २० मार्चला परिषदेतले लोक रांगेनं चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या सत्याग्रहाचा अर्थ माणुसकीच्या हक्काचा होता आणि तो ठरावापेक्षा फार मोठा होता. पण त्याचा कायदेशीर पाया त्याच चार वर्षं पडून राहिलेल्या कागदानं दिला होता. नगरपालिकेनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला, हेसुद्धा बोलकं आहे. फायलीत होता तोवर तो कुणालाही खुपत नव्हता.

पुढच्या दहा वर्षांत आंबेडकरांनी या पद्धतीला जे रूप दिलं, तितकं पूर्ण रूप मला नंतरच्या काळात कुठेही दिसत नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीनंतर १७५ जणांच्या मुंबई विधानसभेत त्या पक्षाचे सभासद डझनाहून थोडे अधिक होते आणि समोर बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसूलदार होता. तो सरकारला ठरावीक सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा, शिवाय वेठ वसूल करी. कुळाच्या दृष्टीनं सरकार म्हणजे खोतच. विधेयकाचं म्हणणं सरळ होतं: खोताला मोबदला द्या, मधला माणूस काढा आणि जमीन कसणाऱ्याचं नाव थेट सरकारदरबारी लावा. ते मंजूर होणार नाही हे उघड होतं. मग ते मांडलं कशासाठी? तर ‘खोताचा जुलूम बंद करा’ या आक्रोशाला कलमांचं रूप आलं, आणि सरकारला त्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं भाग पडलं. चारच महिन्यांत, १० जानेवारी १९३८ रोजी, सुमारे २० हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला आणि शिष्टमंडळानं खेरांपुढे मागण्या ठेवल्या. मोर्चातल्या माणसाला आपण काय मागतो आहोत हे ठाऊक होतं, कारण ते लिहिलेलं होतं आणि सभागृहाच्या मेजावर पडलेलं होतं.

इथे मुंबई आणि कोकण यांचं नातं समजून घेतल्याशिवाय हा संवाद कसा घडला ते कळत नाही. गिरणीत साच्यावर उभा राहणारा मोठा वर्ग रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. त्याचा बाप किंवा भाऊ गावी खोताचं कूळ होता. तो मनिऑर्डर पाठवी, शिमग्याला गावी जाई, आणि चाळीत ऐकलेली, वाचलेली गोष्ट सोबत नेई. ‘जनता’ साप्ताहिक १९३० पासून निघत होतं. ते एकानं वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, अशी त्या काळची वाचनाची रीतच होती. म्हणून विधानसभेत इंग्रजीत झालेली चर्चा परळच्या खोलीत मराठीत पोचे आणि तिथून चाकरमान्याच्या तोंडून गावच्या पडवीत. मोर्चाच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकानं संपाच्या हक्कावर बंधनं येऊ लागली तेव्हा हीच वाट उलट्या दिशेनं वापरली गेली. आंबेडकरांनी सभागृहात विधेयकाला कलमाकलमानं विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला, ज्यात एरवी आंबेडकरांशी न पटणारे कम्युनिस्टही सामील होते. गावच्या कुळाचा मोर्चा आणि शहरातल्या कामगाराचा संप एकाच वर्षात, एकाच सभासदाच्या दोन संसदीय कृतींभोवती उभे राहिले. एका कुटुंबाच्या दोन दुःखांना एक आवाज मिळाला होता.

यावर कुणी म्हणेल, पण उपयोग काय झाला? खोतीचं विधेयक मंजूर झालं नाही, औद्योगिक तंट्यांचं विधेयक थांबलं नाही. दोन्ही खरं आहे. विरोधकाच्या संवादाचं माप त्याच अधिवेशनातल्या मतदानानं घ्यायचं असेल तर तो नेहमी हरलेलाच दिसेल, कारण बहुमत नाही म्हणूनच तो त्या बाकावर बसलेला असतो. पण एकदा लोकांना मागणी कलमासकट माहीत झाली की ती पुढच्या सरकारांच्याही गळ्यात राहते. १९४९ मध्ये मुंबई विधिमंडळानं खोती नष्ट करणारा कायदा केला, तेव्हा सरकारचे प्रमुख तेच बाळासाहेब खेर होते. हे श्रेय एका विधेयकाला किंवा एका मोर्चाला देणं इतिहासाला धरून होणार नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून जो संप चालवला, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे. मात्र काँग्रेसच्या सरकारला बारा वर्षांनी जे करावं लागलं, त्याचा मसुदा विरोधी बाकावरून आधीच लोकांपुढे ठेवला गेला होता, हे नाकारता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत विरोधकांच्या आवाजाला जी उंची आली ती पुन्हा आली नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे सभासद मोठ्या संख्येनं मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे त्यात होते. अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ पासून निघत होता, शिवाजी पार्कवर सभा होत होत्या, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी गावोगाव पोचत होती. आमदार, संपादक आणि वक्ता एकाच माणसात एकवटलेला अत्र्यांसारखा दुसरा कुणी झाला नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि समिती विस्कटली. १९६२ च्या पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. विरोधकांत सर्वांत मोठा ठरलेला शेतकरी कामगार पक्ष १५ वर थांबला. जिंकलेल्या चळवळीचे लोक असे का हरले? पक्षापक्षांतले मतभेद, यशवंतराव चव्हाणांचं कौशल्य, साखर कारखाने आणि जिल्हा परिषदांच्या रूपानं उभी राहिलेली नवी सत्ता, ही सगळी कारणं आहेत. त्यात मी आणखी एक जोडतो. समितीनं लोकांशी जो संवाद केला तो एका मागणीचा होता, आणि ती पुरी झाल्यावर पाण्याबद्दल, कुळाच्या दाव्याबद्दल, रेशनबद्दल बोलण्याची वाट तितक्या जोरकसपणे बांधलेली नव्हती. जिथे ती बांधली गेली तिथे माणूस टिकला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याच १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे पहिल्यांदा निवडून आले, आणि कधीच बहुमतात न आलेल्या पक्षाच्या तिकिटावर एकंदर ११ वेळा निवडून गेले. त्यांचं नाव घेताना कुणाला त्यांचं गाजलेलं भाषण आठवत नाही. दुष्काळी तालुक्याचा पाणीप्रश्न आणि एसटीनं प्रवास करणारा आमदार आठवतो.

लोकांना समजेल असं बोलायचं म्हणजे सोपं करायचं, आणि सोपं करताना सत्य वाकतं, अशी एक तक्रार नेहमी होते. तिची कसोटी दिल्लीत १९६३ मध्ये लागली. नेहरू सरकारविरुद्धचा पहिला अविश्वासाचा ठराव त्या ऑगस्टमध्ये आला आणि ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडला. मतांचे हे आकडे आज कुणाला माहीत नाहीत. माहीत आहेत ते राममनोहर लोहियांचे ‘तीन आणे’: देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान म्हणाले, पंधरा आणे. नियोजनमंत्र्यांनी साडेसात आणे सांगितले. लोहियांचा आकडा वादातीत होता असं नाही. पण त्यांनी तो सभागृहात मांडला, हिशेब द्यायची तयारी ठेवली, आणि सरकारचेच दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे उघडं पाडलं. दशमान नाणी येऊन सहा वर्षं झाली होती, तरी बाजारात माणूस आण्यातच हिशेब करत होता, म्हणून दरडोई उत्पन्नाचा विषय त्याला पहिल्यांदा आपल्या खिशाचा वाटला. सोपं करणं आणि फसवणं यांतली रेघ इथे दिसते: ज्या आकड्याला सभागृहात आव्हान देता येतं, तो मैदानात खुशाल सांगावा. आणि सभागृहातलं बोलणं बाहेर निर्धास्तपणे छापता यावं यासाठीही कायदा लागला होता. संसदेतल्या कामकाजाचं वृत्त प्रामाणिकपणे देणाऱ्या वृत्तपत्राला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोज गांधींच्या खासगी विधेयकातून आला. आणीबाणीत तो रद्द झाला आणि १९७७ मध्ये परत आणावा लागला. विरोधकाला मुकं करायचं तर आधी कोणता धागा तोडायचा, हे सत्तेला नेमकं कळलं होतं.

१९७२ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या. सभागृहाच्या हिशेबानं विरोधक नावालाच होता. त्याच निवडणुकीत मृणाल गोरे मालाडमधून आमदार झाल्या. त्याआधी मुंबई महापालिकेत गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून त्यांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळवलं होतं. दुष्काळ आणि महागाई एकदम आली तेव्हा मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. कधी सभेलाही न गेलेल्या बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. रॉकेल, तेल, साखर, रेशनवरचं धान्य: प्रत्येक मागणी स्वयंपाकघरातली होती आणि प्रत्येकीवर मंत्र्याला उत्तर द्यावं लागेल अशी होती. आमदारकीमुळे मृणालताईंना मंत्र्याला जाब विचारण्याचा हक्क होता. मोर्चामुळे तो जाब कुणाच्या वतीनं विचारला जातोय हे मंत्र्याला दिसत होतं. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईभर झाली. ती लोकांच्या तोंडी बसली, कारण पाणी या शब्दामागे पंधरा वर्षांचं काम होतं.

एक शेवटचा आक्षेप उरतो. आमदार रस्त्यावर उतरला की सभागृहाची प्रतिष्ठा जाते, आणि आता तर कामकाज थेट प्रक्षेपित होतं, मग मधल्या फेऱ्यांची गरजच काय, असं म्हटलं जातं. पहिल्या भागाचं उत्तर १९३८ च्या मोर्चानं दिलेलं आहे. आत विधेयक होतं म्हणून वीस हजार माणसं कौन्सिल हॉलपाशी आली. सभागृहाला याहून मोठा मान कुठला? दुसऱ्या भागाबद्दल माझं मत ठाम आहे. प्रक्षेपणानं आमदार दिसू लागला, पण कॅमेरा एकाच बाजूनं चालतो. त्यानं सभासदाला खडाजंगी करायला शिकवलं, कारण दृश्य तेवढंच पुढे जातं. एखाद्या तालुक्याच्या नळपाणी योजनेवर प्रश्न टाकून मिळवलेलं लेखी उत्तर दृश्य होत नाही. ते छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं लागतं, ग्रामसभेत वाचून दाखवावं लागतं, त्यातलं ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणजे काय हे समजावावं लागतं. हे काम कष्टाचं आहे आणि आज फार थोडे सभासद ते करतात.

विधानसभेचं पुढचं अधिवेशन संपलं की वाचकांनी एवढं करावं. आपला आमदार विरोधी बाकावर असेल तर त्याला भाषणाची चित्रफीत मागू नका. आपल्या तालुक्याबद्दल त्यानं कोणता प्रश्न विचारला आणि सरकारनं काय लेखी उत्तर दिलं, तो कागद मागा, आणि गावच्या बैठकीत त्यालाच तो मोठ्यानं वाचायला सांगा.